खिडकीवर ‘आमच्या धर्मात बसत नाही’ ऐकल्यावर: विशेष विवाहाच्या नोंदणीचा माझा अनुभव

धर्म न बदलता लग्न करू देणाऱ्या विशेष विवाह अधिनियम, 1954 खाली आम्ही पुण्यात लग्न करणार असल्याची नोटीस द्यायला गेलो. दोघांचे धर्म वेगळे. खिडकीवरच्या लिपिकाने नावं दोनदा वाचली आणि अर्ज परत सरकवला. ‘हे आमच्या धर्मात बसत नाही, मी हात लावणार नाही. आईवडिलांचं संमतिपत्र आणा, मग बघू.’

अशा वेळी धर्मावर एक शब्दही बोलू नये. आवाज चढतात, मागची रांग त्यात पडते आणि अर्ज आवक होतच नाही. आम्ही एवढंच म्हटलं, ‘संमतिपत्र कोणत्या कलमाखाली लागतं, ते अर्जावर लिहून द्या.’ लिहून मिळालं नाही. मग अर्ज दोन प्रतींत बारनिशीत, म्हणजे टपाल आवक करणाऱ्या शाखेत दिला आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. शिक्का पुसट उठला होता, तारीख लागत नव्हती. तो पुन्हा मारून घेतला, कारण पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं.

कायदा काय मागतो ते पाठ हवं. कलम 4 प्रमाणे मुलाला 21 आणि मुलीला 18 वर्षं पूर्ण, कुणाचाही आधीचा जोडीदार हयात नसणं, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता, आणि निषिद्ध नात्यात नसणं. कलम 5 प्रमाणे दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग 30 दिवस वास्तव्य. पालकांची संमती किंवा धर्मांतराचा दाखला यात कुठेच नाही. हरकत कुणीही घेऊ शकतो, अगदी तो लिपिकसुद्धा, पण फक्त कलम 4 च्या मुद्द्यांवर. हरकत आली तर विवाह अधिकाऱ्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा. ती अवाजवी आणि खोडसाळ ठरली तर हरकतदाराला 1000 रुपयांपर्यंत खर्च भरावा लागू शकतो.

उघड नकारापेक्षा मला दिरंगाईची भीती जास्त वाटते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. ‘साहेब दौऱ्यावर’, ‘सर्व्हर बंद’ एवढ्यावरही तीन महिने निघून जातात. म्हणून नोटीस फलकावर लागली की नाही, हे स्वतः जाऊन बघायचं. आमच्या कागदावर दुसरा कागद टाचलेला होता, खालून फक्त सह्या दिसत होत्या. लगेच फोटो काढला आणि तो वेगळा लावायला लेखी सांगितलं. एकाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. त्या पत्राचा जावक क्रमांक विचारून घ्या. बहुतेकदा घोडं तिथेच अडतं.

एका बाबतीत मात्र अधिकाऱ्यावर दबाव आणू नका. नोटीस फलकावर प्रसिद्ध झाल्यानंतरचे हरकतीचे 30 दिवस संपण्याआधी त्याने जाणूनबुजून लग्न लावलं तर कलम 46 प्रमाणे त्यालाच एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो नकार रास्त आहे.

बाकी अडवणुकीवर उपाय चढत्या क्रमाने करावेत. आधी विवाह अधिकाऱ्यांना लेखी अर्ज. 2005 च्या दफ्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, हे त्यात लिहा. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार: फाइल कोणत्या तारखेपासून कुणाच्या टेबलावर आहे? राज्याच्या नोंदणी विभागाचे प्रमुख असलेल्या नोंदणी महानिरीक्षकांचं कार्यालय पुण्यातच, विधान भवनासमोर आहे, तक्रारीची प्रत तिथे द्या. हरकत मान्य करून लग्न लावायला नकार आला, तर 30 दिवसांत शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात अपील.

आमचं काम पहिल्या अर्जावरच हललं. विवाह अधिकाऱ्यांनी नोंदवही दुसऱ्या लिपिकाकडे दिली आणि आमची त्याला काहीच हरकत नव्हती. कुणाच्या श्रद्धेचा मान राखून काम वाटून घेता येतं, फक्त त्यापायी आमचा दिवस वाया जाऊ नये. या लग्नात अधिकाऱ्याला कुठलाही विधी करावा लागत नाही. दोघांनी त्याच्या आणि तीन साक्षीदारांच्या समोर, आपल्याला समजेल त्या भाषेत, एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचं म्हणायचं. मग प्रमाणपत्रावर दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांना मूळ ओळखपत्रं आणायला आदल्या रात्री आठवण करा. आमचा एक जण झेरॉक्सच घेऊन आला आणि सकाळचे दोन तास त्यात गेले.