जस्त निघालं, पण होतं का?

मी संशोधनाला लागले तेव्हा माझ्या वाट्याला आलेलं एन्झाइम जस्ताचं आहे, म्हणजे कामासाठी जस्ताचा अणू बाळगणारं आहे, हे जवळपास ठरूनच गेलं होतं. शुद्ध प्रोटीन मोजलं की जस्त निघायचं, स्फटिकरचनेतही जस्तच. खटकायचं ते एवढंच, की पेशींच्या कच्च्या अर्कात झपाट्यानं काम करणारं हे एन्झाइम शुद्ध होता होता ढिम्म व्हायचं. "शुद्धीकरणात थोडं मरतंच," हे उत्तर मला पटेना.

माझा संशय पक्का केला पेप्टाइड डिफॉर्मायलेजनं. जिवाणूंमधलं हे एन्झाइमही आधी जस्ताचंच मानलं जायचं. १९९७-९८च्या सुमारास कळलं, की पेशीत त्यात फेरस लोह, म्हणजे दोन धन प्रभारांचं लोह, असतं. हवा लागली की लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन ते निसटतं आणि मोकळ्या जागेवर जस्त येऊन बसतं. जस्ताला आमंत्रण लागतच नाही. काच, पाणी, बफरची (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची) रसायनं, सगळीकडे ते थोडंफार असतंच. शिवाय कोणता धातू किती घट्ट बांधला जातो हे सांगणाऱ्या आयर्विंग-विल्यम्स क्रमानुसार प्रोटीनला ते फेरस लोहापेक्षा घट्ट धरतं. पेशी मोकळं जस्त अगदी कमी ठेवते, म्हणून तिथे लोहाचा निभाव लागतो. परीक्षानळीत त्याची बाजू घेणारं कोणी नसतं.

तेव्हा हवेशिवाय शुद्धीकरण करायचं ठरलं. म्हणजे ग्लोव्हबॉक्स, आत ऑक्सिजन नसलेली, हातमोजे बसवलेली बंद पेटी. जाड रबरी हातमोज्यांत बोटांना काही कळत नाही. छोट्या नळीचं झाकण उघडणं हेसुद्धा काम होऊन बसतं. बफरमधून आर्गॉन सोडायचा, आणि प्लॅस्टिकच्या नळ्या काही दिवस आधीच आत नेऊन ठेवायच्या, कारण प्लॅस्टिक ऑक्सिजन मुरवून ठेवतं आणि नंतर हळूहळू सोडतं. हे कुठल्याही कृतीत ठळक लिहिलेलं नसतं. निकेलला चिकटणाऱ्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाची शेपटी लावून निकेलच्या कॉलमवर प्रोटीन धरायची सोपी वाट मी घेतली नाही. धातू शोधायचा आणि प्रोटीन निकेलवरून न्यायचं, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली! प्रोटीन विद्युतप्रभारानुसार वेगळं करणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या आयन-विनिमय कॉलमनं वेळ खाल्ला, पण आता लोह निघालं, दर रेणूला जवळपास एक. आणि एन्झाइम पळायला लागलं.

पेपर पाठवला, तर परीक्षकांचा प्रश्न आला: लोह नुसतं बाहेर चिकटलेलं नाही कशावरून? प्रश्न रास्त होता. फेरस लोह साध्या ईपीआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात एकट्या इलेक्ट्रॉनांचा संकेत टिपणाऱ्या तंत्रात) दिसत नाही, जस्त तर कधीच नाही. पण लोहाला नायट्रिक ऑक्साइड जोडलं, की त्या आलेखात जी = ४ या जागेच्या आसपास ठसठशीत संकेत मिळतो. नमुना बॉक्समध्येच तयार केला, नळी बंद करून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली आणि द्रव हेलियमच्या थंडाव्यात काही केल्विनवर मोजली. संकेत आला. तेवढ्यानं मात्र लोह कुठे बसलंय हे सिद्ध होत नाही. एन्झाइमचा सब्स्ट्रेट, म्हणजे ते ज्यावर काम करतं तो पदार्थ, घातल्यावर त्या संकेताचा आकार बदलला, म्हणजे लोह कामाच्या जागीच होतं, तेव्हा कुठे परीक्षक थंड झाले. पुढे गामा किरणांनी लोहाची अवस्था तपासणारी मॉसबाउअर मोजमापंही केली. त्याला लोह-५७ हा समस्थानिक लागतो, आणि निसर्गातल्या लोहात तो जेमतेम दोन टक्के असतो. म्हणून समृद्ध केलेलं महागडं लोह आम्लात विरघळवून जिवाणूंना खाऊ घातलं.

या क्षेत्रात उशिरा कळणं नवं नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ समनर यांनी युरिएज या युरिया फोडणाऱ्या एन्झाइमचे स्फटिक १९२६ साली मिळवले. त्यात निकेल असल्याचं समजायला १९७५ उजाडलं. मध्ये जवळपास अर्धशतक निकेल तिथेच होतं. त्यामुळे "या प्रोटीनमध्ये धातू नाही" असं वाक्य दिसलं, की कोणते धातू मोजले होते ते मी आधी बघते.

आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. हाताशी असलेल्या प्रोटीनमध्ये मँगनीज आणि लोह दोन्ही निघतात, साधारण निम्मे-निम्मे. एक विद्यार्थी मँगनीजला भेसळ म्हणून खोडायला निघाला होता. पण क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जिवाणूच्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजमध्ये (डीएनएचे घटक बनवणाऱ्या एन्झाइममध्ये) हे दोन धातू शेजारी शेजारी बसून काम करतात, हे २००७ साली दिसलेलं आहे. त्याला म्हटलं, खोडू नकोस. आधी धातू पूर्ण काढून टाक, मग नुसतं लोह, नुसतं मँगनीज आणि दोन्ही, असं वेगवेगळं भरून कामाचा वेग मोज. तो सध्या त्याच कामात आहे.