माग थांबला की

परवा दुपारी भाच्याला गाडीत बसवायला सोलापूर स्टेशनवर गेले. गाडी लेट. त्यात मी कुठल्याही गाडीला तासभर आधी पोचणारी बाई, त्यामुळे हाताशी चांगला पावणेदोन तासांचा रिकामा वेळ. एप्रिलचं ऊन. बाकड्यावर टेकण्याआधी मी सवयीनं मागच्या भिंतीला तळहात लावून पाहिला.

"आत्या, भिंतीचा ताप बघतीस काय?" भाचा हसला.

ही खोड आजीची. मोहोळकडच्या आमच्या गावी माळवदाचं घर होतं. दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, उजेडापुरतं एक साणं. मे महिन्यात आजी आतल्या भिंतीला पाठ लावून भाकरी खायची. दिवस मावळल्यावर त्याच भिंतीला हात लावून म्हणायची, "आत्ता कुठं तापली बघ." तोवर आम्ही पोरं माळवदावर वाकळा टाकून पसरलेलो असायचो. भाचा याला 'थर्मल मास' म्हणतो. आजी काहीच म्हणायची नाही. मृगाच्या आधी नवी पांढरी पसरायला सुनांना वर पाठवायची, एवढंच. आणि तरी पहिल्या पावसाला कुठेतरी गळायचंच. कधी तुळईतून विंचू पडायचा. हे मी सांगते तेव्हा भाचा वहीत लिहून घेत नाही.

पोरगा पुण्यात आर्किटेक्चर शिकतोय. यंदाचा त्याचा विषय, स्टेशनला लागून 'सस्टेनेबल मिक्स्ड-यूज' इमारत. लॅपटॉप उघडून त्यानं दाखवली. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर घरं, पश्चिमेच्या अंगाला उन्हाला आडवी जाळी, तळघरात पावसाच्या पाण्याची टाकी. टाकी मला आवडली. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि नळाला काही दिवसांनी एकदा पाणी, अशा गावात टाकी कुणाला आवडणार नाही? गाडीतून उतरलं की घर, रिक्षावाल्याशी हुज्जत नाही, हेही पटलं.

मग लंडन आलं. किंग्ज क्रॉस स्टेशन १८५२ चं. त्याच्या मागच्या ६७ एकर पडक्या रेल्वेजागेत म्हणे नवी वस्ती उभी राहिली. कोळसा उतरवायच्या जुन्या वखारींत २०१८ साली दुकानं थाटली आणि गॅसच्या टाक्यांच्या लोखंडी सांगाड्यांत गोल गोल फ्लॅट बांधले.

"टाकीत राहतात?"

"टाकीच्या सांगाड्यात, आत्या."

असेल बाबा. आपल्या सोलापुरात रेल्वे आली १८६० साली आणि तिच्या जिवावर १८७७ ला जुनी मिल. तिच्या मागून आणखी मिली आल्या, भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं. आता भोंगे नाहीत. मिलींच्या जागांचं काय काय झालं, ते सोलापूरकराला मी काय सांगू.

पण 'मिक्स्ड-यूज' हा शब्द ऐकला आणि मला आठवली साखर पेठेतली माझी मैत्रीण. घरात तेलुगू, दारात मराठी. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागे चूल, वर पत्र्याची खोली, तिथं आम्ही अभ्यास करायचो. म्हणजे बोलायचोच, पण ओरडून. खाली धोटा इकडून तिकडे, खटाखट खटाखट, जिन्याची पायरीसुद्धा थरथरायची. तिची अम्मा कांड्या भरता भरता आमटीला फोडणी द्यायची. हवेत सुताचा कापूस उडत असायचा, तो वेणीत अडकायचा, भाताच्या ताटातही सापडायचा. एकदा मी तिच्याकडे रात्री राहिले. त्या आवाजात मला कसली झोप! ती मात्र लाकडासारखी पडलेली. पहाटे कधीतरी लाइट गेली, माग थांबले आणि घरातली सगळी माणसं एकदम उठून बसली. अगदी पाळण्यातलं पोरसुद्धा. "काय झालं? काय झालं?" शांततेनं दचकलेली माणसं मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिली.

भाच्याच्या इमारतीला दुहेरी काचा आहेत. रुळांचा आवाज आत येणार नाही म्हणाला. मी म्हटलं, छान. आणि आतला आवाज?

"आतला कसला?"

त्या अम्माला पुढं खोकला लागला, तो शेवटपर्यंत गेला नाही. त्यामुळे घरात माग हवेत, असं काही मी त्याला म्हणू शकले नाही. गप्प बसून चित्र बघत राहिले. फार सुरेख काढलंय पोरानं. फुटपाथवर माणसं आहेत, एक सायकलवाला, कुत्रं घेऊन निघालेली मुलगी, कॉफी पिणारे दोघं.

"यात उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत बसलेली एक बाई घाल की रे. आख्ख्या पूर्व भागात दिसतात."

त्यानं खरोखर शोधलं. पाच मिनिटं शोधत होता. मग मान वर करून म्हणाला, "माणसं तयार मिळतात, आत्या, आपण फक्त चिकटवायची. पण बसलेली माणसं सगळी खुर्चीवरच आहेत."