बॅसिलिस्क सरडे: नर जमले, आता माद्या आणि पिल्लं

मध्य अमेरिकेतल्या बॅसिलिस्क सरड्यांचे फोटो ओळखायचा सराव चालू आहे. बॅसिलिस्कस या जीनसच्या (जवळच्या जातींचा गट) तीन जाती तिथे भेटतात: प्लुमिफ्रॉन्स, बॅसिलिस्कस बॅसिलिस्कस आणि व्हिटाटस. त्यातले प्रौढ नर आता नजरेत चांगले बसलेत. डोकं बाजूने दिसलं की बहुतेक काम होतं. प्लुमिफ्रॉन्सच्या डोक्यावर दोन तुरे, पुढे छोटा आणि मागे मोठा; पाठीवर, शेपटीवर उंच पडदे, अंग हिरवंगार, डोळा पिवळा-केशरी. बॅसिलिस्कस बॅसिलिस्कसचा तुरा एकच आणि गोलसर, पडदे मात्र तसेच उंच. व्हिटाटसचा तुरा त्रिकोणी, टोकदार, आणि पाठीवरचा पडदा अगदी बुटका. जीनसमधली चौथी जात, गॅलेरिटस, पश्चिम कोलंबिया आणि इक्वाडोरकडची, म्हणून ती सध्या बाजूला ठेवली आहे.

खरा गुंता माद्या आणि पिल्लांचा आहे. पिल्लाला तुरा नसतो, अंग तपकिरी आणि कडेने फिकट पट्टे. व्हिटाटसची पिवळसर पट्टी इतकी प्रसिद्ध आहे की पट्टी दिसली रे दिसली, लोक व्हिटाटस लिहून मोकळे होतात. हे मला अजिबात पटत नाही, कारण बॅसिलिस्कस बॅसिलिस्कसच्या पिल्लांनाही पट्टे असतात. भरवशाची खूण पोटावर आहे. व्हिटाटसच्या पोटाच्या खवल्यांवर मधोमध धार असते, बाकीच्या जातींचे तिथले खवले गुळगुळीत. एका जातीचा निकाल लावायला एवढी एक खूण पुरते! अडचण एवढीच की पोटाचा फोटो जवळजवळ कुणीच काढत नाही.

पोट दिसत नसेल तर ठिकाण बघते. कोस्टा रिकात बॅसिलिस्कस बॅसिलिस्कस पॅसिफिक बाजूला, तर कॅरिबियन बाजूला, म्हणजे तोर्तुगेरोकडे, प्लुमिफ्रॉन्स आणि व्हिटाटस. त्यामुळे पॅसिफिक बाजूच्या मान्वेल आंतोनिओचं पट्टेवालं पिल्लू व्हिटाटस असण्याची शक्यता फारच कमी. पण ठिकाण हा आधार आहे, पुरावा नाही. दोन्ही नसेल तर मी जीनसवरच थांबते. चुकीच्या जातीच्या नावापेक्षा नुसतं 'बॅसिलिस्कस' कधीही बरं.

सरडा पाण्यावर धावतानाचा व्हिडिओ पाठवून जात विचारणारेही बरेच असतात. मागच्या बोटांची झालर आणि ती धाव जीनसभर सारखीच, त्यामुळे जात ठरवायला तिचा उपयोग नाही. बघायला मात्र कितीही वेळा आवडतं.

वर्गीकरणाची एक नोंद, कारण जुनी पुस्तकं वाचताना गोंधळ होतो: पूर्वी हे सगळे इग्वाना कुळात होते. 1989 मध्ये फ्रॉस्ट आणि एथरिज यांनी ते कुळ फोडलं, तेव्हापासून बॅसिलिस्कस, कोरिटोफेनिस आणि लेमँक्टस हे तीन जीनस कोरिटोफॅनिडी कुळात मोजले जातात. म्हणून जुन्या पुस्तकातलं 'इग्वानिडी' खोडू नका, सोबत साल लिहून ठेवा.

आता निकाराग्वाचे फोटो घेणार आहे. तिथे तिन्ही जाती सापडतात, म्हणजे ठिकाणाचा आधार कमी पडणार. तिकडे कुणी जाणार असेल तर एक विनंती: सरडा फांदीवर असेल तर खालून पोटाचा एक फोटो, आणि डोक्याचा एक अगदी बाजूने. त्याला हात लावू नका, झूम पुरेल.