फौजी भाडेकरूचं थकलेलं भाडं आणि न पोचणारं समन्स : माझा अनुभव

दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 5, नियम 28. हा नियम मला आता पाठ आहे, कारण समन्स बजावायचं काम पाहणाऱ्या कोर्टाच्या नाझर विभागात मी तो इतक्यांदा सांगितला. प्रतिवादी सैन्यात असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे, म्हणजे युनिटच्या प्रमुखाकडे, पाठवायचं, सोबत प्रतिवादीला ठेवायला एक प्रत जोडायची. बस, एवढंच. आणि एवढ्यासाठीच माझा दावा अडून राहिला.

माझा भाडेकरू हवालदार होता. माणूस चांगला, भाडं वेळेवर. मग त्याची फील्डला, म्हणजे सीमेकडच्या भागात, बदली झाली, बायको आणि मुलं माझ्याच फ्लॅटमध्ये राहिली, आणि भाडं थांबलं. त्याची बायको म्हणायची, "मावशी, पार्ट टू ऑर्डर निघाली की सगळं एकदम देतील." ही थाप नव्हती. जवानाची बदली झाली की भत्त्यातला बदल युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून यावा लागतो आणि त्यानंतरच पे अकाउंट्स ऑफिस पगारपत्रक बदलतं. ती अडली की घरभाडं भत्ताही अडतो. पण फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून दर महिन्याला जातच होता. डिपॉझिटची रक्कम संपली, तरी पैसे आले नाहीत. वकिलांमार्फत नोटीस दिली, मग दावा लावला. इथवर काही त्रास झाला नाही.

त्रास समन्सचा. बेलीफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, फ्लॅटवर जायचा, बायको खरं ते सांगायची की ते ड्यूटीवर आहेत, आणि अहवाल यायचा 'प्रतिवादी मिळून आला नाही'. पुढची तारीख. पुन्हा बेलीफ, पुन्हा तोच शेरा. मी कारकुनाला युनिटचा पत्ता दिला : आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत 56 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) आणि 9 ने सुरू होणारा पिनकोड. त्यांनी कागद परत सरकवला. "मॅडम, गाव लिहा, तालुका लिहा. बेलीफ जाणार कुठे?"

बेलीफने कुठेच जायचं नाही, हेच तर मी सांगत होते. फील्डमधल्या युनिटचं ठिकाण पत्त्यात लिहीत नाहीत, लिहूही नये. टपाल आर्मी पोस्टल सर्व्हिसकडे जातं आणि ती ते बरोबर युनिटपर्यंत नेते. पण त्यांच्या छापील फॉर्मवर 'तालुका' नावाचा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. मला सल्ला मिळाला की फ्लॅटच्या दारावर समन्स चिकटवून घ्या आणि मोकळ्या व्हा. सीमेवर असलेल्या माणसाच्या दारावर, त्याची मुलं आत असताना, कागद चिकटवायचा? आणि उद्या त्यानेच येऊन बजावणी झालीच नाही म्हटलं, तर सगळं मुळापासून. मी नाही म्हटलं. तारखा पडत राहिल्या. त्या खिडकीसमोरचा एकेक तास आठवला की आजही माझं डोकं तापतं.

शेवटी मी वकिलांना म्हटलं, खिडकीशी बोलणं पुरे, न्यायाधीशांसमोर अर्ज करू. अर्जात नियम 28 लिहिला आणि त्याच्या पुढचा 29 ही लिहिला : ज्या अधिकाऱ्याकडे समन्स जातं त्याने ते शक्य असेल तर बजावून, प्रतिवादीची लेखी पोच घेऊन, स्वतःच्या सहीने परत पाठवायचं, आणि ती सही हाच बजावणीचा पुरावा. न्यायाधीशांनी अर्ज वाचला आणि तिथेच आदेश दिला. ज्या कागदासाठी मी इतकी उभी राहिले होते तो पोचपावतीसह टपालाने गेला, आणि कमांडिंग ऑफिसरच्या सही-शिक्क्यासह परतही आला. मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर गोष्टी भराभर हलल्या. युनिटने पार्ट टू ऑर्डरचा पाठपुरावा केला, भाडेकरूचा स्वतःहून फोन आला. म्हणून माझं स्पष्ट मत : दाव्याच्या आधीच कमांडिंग ऑफिसरला साधं, सभ्य पत्र लिहा. करारनाम्याची प्रत आणि थकबाकीचा महिनावार हिशेब जोडा. त्यात धमकी नको. तशीही ती पोकळच ठरते, कारण आर्मी अ‍ॅक्ट 1950 च्या कलम 28 प्रमाणे सैनिकाचा पगार आणि भत्ते दिवाणी कोर्टाला जप्त करता येत नाहीत. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, हातात आला तरी पगाराला हात लागत नाही. मार्ग युनिटमधूनच जातो.

सैनिकाला रजा मिळत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच आदेश 28 प्रमाणे तो आपल्या वतीने दुसऱ्या कुणाला लेखी अधिकार देऊ शकतो. त्या पत्रावर तो अधिकाऱ्यासमोर सही करतो आणि कमांडिंग ऑफिसरची प्रतिस्वाक्षरी लागते. आमच्याकडे त्याची बायको अशी उभी राहिली. हे दोघांच्याही सोयीचं आहे, कारण इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट 1925 खाली, सैनिक कामगिरीवर असून त्याच्या बाजूने कुणीच हजर नसेल, तर दावा तहकूब होऊ शकतो. आम्ही हप्ते ठरवले, लोकअदालतीत तडजोड केली, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळाली.

एक राहिलंच. करार करतानाच आर्मी नंबर, युनिट आणि एपीओचा पत्ता लिहून घ्या, आणि बदली झाल्यास नवा पत्ता कळवण्याची अट घाला. माझ्याकडे नंबर होता म्हणून पत्र पोचलं. सोसायटीतले काही जण म्हणत होते, पाणी बंद करा, आपोआप देतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 ने भाडेकरूचं पाणी-वीज तोडायला मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मी ते केलं नसतं. थकलेल्या भाड्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची असते, तेव्हा पत्राला उत्तर आलं नाही तर त्या मुदतीत दावा लावा, आणि पहिल्याच तारखेला नियम 28 चा अर्ज हातात घेऊन जा.