घ्यायला विसरल्या की घेतल्याचं विसरल्या?

परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सेसना मी ओईटी परीक्षेसाठी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी, इंग्रजी शिकवतो. लेखनाच्या पेपरात केस नोट्स, म्हणजे पेशंटची टिपणं, देतात. त्या वाचायला ५ मिनिटं, पत्र लिहायला ४० मिनिटं आणि पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं. त्या रविवारी एका अनुभवी सिस्टरचं पत्र तपासत होतो. वॉरफरिन चालू असलेल्या आजींबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'शी फर्गॉट टेकिंग हर इव्हनिंग डोस.'

स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, अर्थ मात्र उलटा. या वाक्याप्रमाणे आजींनी गोळी घेतली होती, फक्त घेतल्याचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. सिस्टरना म्हणायचं होतं की गोळी राहिली. रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या बाबतीत डोस राहिला की पोटात गेला, यावर पुढची नर्स काय करणार ते ठरतं.

चूक कुठून आली ते त्यांच्या वहीत सापडलं. 'टू' आणि 'आयएनजी' दोन्ही चालणाऱ्या क्रियापदांची एकच यादी होती: बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू, फर्गेट, रिमेम्बर, स्टॉप. पहिल्या तिघांत अर्थ जवळपास बदलत नाही, शेवटच्या तिघांत पार बदलतो. यादीने सगळ्यांना एका माळेत ओवलं होतं. अशा याद्या पाठ करून घेणं मला मनापासून खटकतं.

इंग्रजी बाजूला ठेवून विचारलं, "सिस्टर, आजी गोळी घ्यायला विसरल्या की घेतल्याचं विसरल्या?"

"घ्यायला," त्या लगेच म्हणाल्या. मग फळ्याकडे बघत, "अय्या सर, म्हणजे हे आपल्या मराठीतच आहे की!"

आहेच. 'घ्यायला विसरल्या' म्हणजे 'फर्गॉट टू टेक'. काम झालंच नाही. 'घेतल्याचं आठवतं' म्हणजे 'रिमेम्बर्स टेकिंग'. काम आधी झालंय, आठवण मागाहून. 'चहा प्यायला थांबले' हे 'स्टॉप्ड टू ड्रिंक', आणि 'चहा प्यायचं थांबवलं' हे 'स्टॉप्ड ड्रिंकिंग'. पेशंटने मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणं बंद केलं असेल तर 'स्टॉप्ड टेकिंग'च हवं. 'स्टॉप्ड टू टेक' म्हणजे हातातलं काम थांबवून त्याने गोळी घेतली.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही, हेही त्याच तासात सांगावं लागलं. 'पोहायला मजा येते' यातल्या '-आयला'वरून कुणी 'एन्जॉय टू स्विम' केलं तर ते चूक. 'एन्जॉय'नंतर 'स्विमिंग'च येतं. 'डॉक्टरांनी मला विश्रांती घ्यायला सुचवलं' याचं 'सजेस्टेड मी टू रेस्ट' होत नाही. 'सजेस्टेड दॅट आय रेस्ट' किंवा 'अॅडव्हाइज्ड मी टू रेस्ट' लिहायचं. अशी क्रियापदं वाक्यासकटच लक्षात ठेवावी लागतात.

दुपारी फ्रेझल व्हर्ब्ज घेतले, म्हणजे 'टेक ऑफ', 'लुक आफ्टर'सारखी जोडशब्दांची क्रियापदं. 'टेक इट ऑफ' चालतं, मग 'लुक हर आफ्टर' का नाही? कारण 'टेक ऑफ'मधला 'ऑफ' क्रियाविशेषण आहे, 'लुक आफ्टर'मधला 'आफ्टर' शब्दयोगी. ड्रेसिंग काढताना 'टेक ऑफ द ड्रेसिंग' आणि 'टेक द ड्रेसिंग ऑफ' दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं. 'टेक ऑफ इट' कधीच नाही. 'लुक आफ्टर'चं कर्म मात्र नेहमी 'आफ्टर'च्या नंतर, सर्वनाम असलं तरी: 'लुक आफ्टर हर'. नवं क्रियापद शिकलं की लगेच 'इट' घालून बघायची सवय मी लावतो.

ब्रिटनमधला पेशंट 'व्हॉमिटिंग'ऐवजी 'थ्रोइंग अप' म्हणेल, अंगावर पुरळ आलं तर 'केम आउट इन अ रॅश', भुलीचा असर उतरला तर 'वोअर ऑफ'. हे कानाला ओळखता आलंच पाहिजे. पत्रात मात्र औपचारिक शब्दच बरे. एक धोका खास आपला आहे. 'आय पास्ड आउट इन २०१२' म्हणजे आपल्याकडे कोर्स पूर्ण केला. तिथल्या मुलाखतीत ऐकणाऱ्याला वाटेल की बाई २०१२ साली बेशुद्ध पडल्या. 'क्वालिफाइड' म्हणा, प्रश्न मिटला.

तास संपायच्या आधी सिस्टरनी ते वाक्य पुन्हा लिहून दाखवलं. 'फर्गॉट टू टेक'सुद्धा त्यांनी ठेवलं नव्हतं. नव्या ओळीत होतं, 'शी मिस्ड हर इव्हनिंग डोस ऑफ वॉरफरिन.'