ईईजी हेडबँड लॉग: सिग्नल एकदाचा टिकायला लागला

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या हालचालीची डोक्याच्या त्वचेवरून घेतलेली नोंद. मागच्या अपडेटमध्ये हेडबँडचा रॉ डेटा लॅपटॉपवर येत होता पण बघवत नव्हता, आता बऱ्यापैकी माणसात आलाय. सेटअप तोच, चार चॅनलचा ड्राय (जेल न लागणाऱ्या) सेन्सरवाला म्यूज नावाचा तयार हेडबँड, एएफ७ आणि एएफ८ हे सेन्सर कपाळावर, टीपी९ आणि टीपी१० कानामागे, बाकीच्यांची ज्याच्याशी तुलना होते तो रेफरन्स सेन्सर कपाळाच्या मधोमध, सॅम्पलिंग 256 हर्ट्झ (सेकंदाला 256 नोंदी). अ‍ॅप बाजूला ठेवलंय, ब्रेनफ्लो ही लायब्ररी वापरून डेटा थेट पायथनमध्ये घेतोय. अ‍ॅपमधले ध्यानाचे न् फोकसचे स्कोर मी बघतच नाही, आत काय हिशोब चालतो ते दिसत नसेल तर त्या आकड्याचं करायचं काय?

स्टेबल कशाला म्हणायचं हे आधी ठरवून घेतलं. माझी टेस्ट साधी आहे, निवांत बसून डोळे मिटले की कानामागच्या चॅनलवर 8 ते 13 हर्ट्झमध्ये अल्फाचा (निवांतपणी उठणाऱ्या मेंदूच्या लहरींचा) उंचवटा दिसला पाहिजे आणि डोळे उघडले की तो बसला पाहिजे. माणसाच्या ईईजीवरचा पहिला पेपर जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गरनं 1929 मध्ये छापला, अल्फा हे नावही त्याचंच, आणि अजूनही यापेक्षा सोपी खात्री मला तरी सापडली नाही. काही जणांमध्ये अल्फा मुळातच कमी असतो, त्यामुळे स्वतःचा नॉर्मल एकदा बघून ठेवायचा. स्क्रीनवरचा हिरवा ठिपका फार तर कॉन्टॅक्ट झालाय एवढंच सांगतो, मेंदूचं काही येतंय का ते नाही.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर रेफरन्सने. प्रत्येक चॅनल म्हणजे त्या सेन्सरमधला आणि रेफरन्समधला फरक असतो, त्यामुळे चारही रेषा एकदम एकाच तालात डोलायला लागल्या तर चारही सेन्सर एकेक करून पुसत बसू नका, आधी मधला बघा. कपाळावर तेल, क्रीम, मेलेल्या त्वचेचा थर असं सगळं असतं, ते ओल्या कापडाने पुसून मग हेडबँड चढवायचा आणि लगेच रेकॉर्डिंग सुरू न करता काही मिनिटं नुसतं बसायचं. ड्राय सेन्सरखाली हलका घाम धरला की कॉन्टॅक्ट आपोआप सुधारतो, रेषेचं वरखाली सरकणंही कमी होतं. कानामागे केस अडकतात ते बोटाने बाजूला करायचे, तिथल्या रबराला मिठाच्या पाण्याचं बोट लावलं तरी चालतं. कपाळावर मात्र पाणी बेतानं. ओल पसरून एएफ७ आणि रेफरन्स जोडले गेले तर फरकच उरत नाही आणि रेषा इतकी छान शांत दिसते की फसायला होतं! म्हणून सपाट रेषेवर मी कधी खूश होत नाही, पापणी मिचकावून बघतो. मेंदूचा सिग्नल दहा-वीस-पन्नास मायक्रोव्होल्टचा आणि पापणीचा झटका कपाळावर सहज शंभरच्या वर, तो एएफ७ आणि एएफ८ दोन्हींवर साधारण सारखा आला तर दोन्ही बाजू ठीक आहेत.

आता लाइटच्या गुणगुणीबद्दल, म्हणजे घरातल्या विजेचा जो आवाज सिग्नलमध्ये शिरतो त्याबद्दल. आपल्या मेनच्या फ्रीक्वेन्सीप्रमाणे 50 किंवा 60 हर्ट्झवर सुई उभी राहते आणि लोक पहिलं काम काय करतात तर नॉच फिल्टर (तेवढीच फ्रीक्वेन्सी काढणारा) लावून ती कापून टाकतात. माझं मत, आधी कापू नका, ती सुई फुकटचा कॉन्टॅक्ट मीटर आहे. ज्या चॅनलचा कॉन्टॅक्ट ढिला त्यावर ती उंच जाते, म्हणून फिल्टर न लावलेला स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती जोर ते दाखवणारा आलेख) शेजारी उघडा ठेवायचा आणि चारही सुया आपापल्या नेहमीच्या उंचीवर आल्या की मगच नॉच. चार्जरच्या वायरी आणि एक्स्टेन्शन बोर्ड डोक्यापासून लांब नेले तरी ती खाली येते.

दात आवळले की कानामागचे चॅनल गेलेच म्हणून समजा, जबड्याच्या स्नायूंचा आवाज 20 हर्ट्झच्या वर सगळीकडे पसरतो आणि बीटा (अल्फाच्या वरच्या फ्रीक्वेन्सीच्या लहरी) वाढल्यासारखं वाटतं. ओठ मिटलेले, दात सुटे, मान टेकलेली, एवढं पुरतं.

ब्लूटूथचं थोडक्यात, डेटाच्या प्रत्येक पॅकेटचा नंबर सेव्ह करा. मधले नंबर गळले असतील तर तो तुकडा सरळ फेकायचा, दोन्ही टोकं जोडून एफएफटी (सिग्नल फ्रीक्वेन्सींमध्ये फोडणारं गणित) केली की जोडावरच्या उडीमुळे नसलेल्या फ्रीक्वेन्सी दिसायला लागतात.

आता पुढचं काम म्हणजे डोळे मिटून, अल्फाच्या चढउतारावरून दिवा चालू-बंद करणं. दोन सेकंदांची खिडकी घेतली तर अर्ध्या हर्ट्झपर्यंत फोड मिळते, अल्फाला तेवढी भरपूर झाली, पण दिवा तेवढाच उशिरा लागतो. आणि थ्रेशोल्ड, म्हणजे अल्फा किती चढला की दिवा लावायचा ती रेषा, एकदा ठरवून भागत नाही, हेडबँड काढून परत घातला की अल्फाची उंची बदललेली असते, म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला अर्धा मिनिट डोळे उघडे आणि अर्धा मिनिट मिटलेले असं मोजून त्यावरून थ्रेशोल्ड काढायचा कोड सध्या लिहितोय.