नववीचा दगड आणि दहावीचे फूल

शनिवार, सप्टेंबर

आज नववी आणि दहावीच्या मुलांना घेऊन कास पठारावर गेले होते. सोबत भूगोलाचे सर होते, आणि ते असल्यामुळेच माझ्या मनात बरेच दिवस घोळत असलेला विचार आज नीट मांडता येतो आहे. आमच्या राज्याच्या अभ्यासक्रमात पृथ्वीच्या अंतर्गत हालचाली आणि बाह्यप्रक्रिया भूगोलात, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या बाजूला आहेत. आनुवंशिकता, उत्क्रांती आणि जीवनप्रक्रिया विज्ञानाच्या दुसऱ्या भागात आहेत. तास वेगळे, वह्या वेगळ्या आणि शिक्षकही वेगळे, त्यामुळे फुलाचा पायाखालच्या दगडाशी काही संबंध असतो, हे मुलांना विचारल्याशिवाय सुचतच नाही.

कासला हा संबंध टाळताच येत नाही. खाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेला बेसाल्ट आहे. त्याच्या माथ्यावर, दीर्घकाळच्या उष्ण आणि पावसाळी हवामानात सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जाऊन लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली, तो जांभा आहे. जांभ्यावर माती जेमतेम काही इंचांची, पावसाळ्यात पाण्याने तुडुंब आणि उन्हाळ्यात कोरडीठाक. नत्र आणि स्फुरद तर तीत फारच कमी. सरांनी एवढे सांगून झाल्यावर मी मुलांना जमिनीलगतचे दवबिंदूचे रोप आणि त्यापलीकडे जांभळ्या रंगात पसरलेली सीतेची आसवे दाखवली. पहिले रोप पानांवरच्या चिकट केसांनी कीटक धरते, तर दुसऱ्याच्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातले बारीक जीव क्षणार्धात आत ओढून घेतात. हिरवी पाने असताना, म्हणजे अन्न स्वतः तयार करता येत असताना, वनस्पतीने कीटक का खावेत, असे विचारल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मातीत नत्र नाही म्हणून." नववीत परिसंस्थेच्या पाठात नत्रचक्राची आकृती ती नक्कीच काढून गेली असणार, पण त्या चक्रातली एक जागा रिकामी असली तर सजीव काय करतो, हे तिला आज समोर दिसले.

परतीच्या वाटेवर एका मुलाने हा दगड इतका जुना आहे हे कार्बनवरून कळले का, असे विचारले. प्रश्न स्वाभाविक होता, कारण उत्क्रांतीच्या पाठात जीवाश्मांचे वय ठरवण्यासाठी कार्बनी वयमापन येते आणि मुले ते सर्वच जुन्या वस्तूंना लावतात. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षांचा असल्याने साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही, आणि मुळात लाव्ह्यात सजीवाचा कार्बन नसतोच. बेसाल्टचे वय पोटॅशियमपासून तयार होणाऱ्या अरगॉनवरून काढतात. हे उत्तर देताना मी रसायनशास्त्र, भूशास्त्र आणि जीवशास्त्र एकाच वाक्यात बोलत होते. वर्गात असे बोलायला घंटा सवड देत नाही.

दहावीनंतर तर ही फारकत कायमचीच होते. विज्ञान शाखेला जाणारी मुले जीवशास्त्र बहुतेकदा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेकडे पाहून घेतात; भूशास्त्र हा विषय उच्च माध्यमिक मंडळाच्या यादीत असला, तरी तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये मोजकीच आहेत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या खडकावर उभा आहे, त्याच्याविषयी वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरालाही दोन वाक्यांपलीकडे सांगता येऊ नये, हे मला पटत नाही. (तो खडक पिशवीत घालून आणू पाहणाऱ्या दोघांना सरांनी वेळीच अडवले, हेही येथे नोंदवून ठेवते. पठार संरक्षित आहे.)

सोमवारी सरांचा आणि माझा तास जोडून घेण्यास मुख्याध्यापकांची संमती मिळाली आहे. प्रत्येक गटाने पठारावरील एक जागा निवडून तेथील खडक, मातीची अंदाजे खोली, पाणी साचते की वाहून जाते, आणि तिथे दिसलेल्या वनस्पती हे सारे एकाच तक्त्यात लिहायचे आणि एका नोंदीवरून दुसरी का घडली ते सांगायचे, असे ठरले आहे. या कामाचे गुण भूगोलाच्या अंतर्गत मूल्यमापनात धरायचे की विज्ञानाच्या, यावर मात्र आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.